सरासरीआड दडलेली बोंडअळी : सापळ्यांच्या नोंदींची गाळणी, गट आणि सारांश

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग सकाळी मोजले जातात, आकडा वहीत किंवा मोबाइलवर नोंदविला जातो आणि तालुक्याच्या पातळीवर अशा शेकडो नोंदी एकत्र येतात. या नोंदींमधून शेतकऱ्यापर्यंत जे पोहोचते ते मात्र बहुधा एकच वाक्य असते : प्रादुर्भाव आर्थिक नुकसान पातळीच्या खाली आहे, किंवा वर गेला आहे. शेकडो आकड्यांपासून या एका वाक्यापर्यंतचा प्रवास कसा झाला, यावर सल्ला बरोबर की चूक हे ठरते. सापळ्याने पतंग पकडले, पण तक्त्याने ते हरवले, असेही घडू शकते.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते. भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस २००२ मध्ये आणि दोन जनुके असलेल्या बीटी वाणांस २००६ मध्ये मान्यता मिळाली. पुढील काळात या किडीने आधी एका आणि नंतर दोन्ही बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळविली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात आणि २०२१ च्या हंगामात पंजाबच्या कापूस पट्ट्यात तिने मोठे नुकसान केले. अंड्यातून बाहेर पडलेली अळी अल्पावधीत पाते, फूल किंवा बोंडात शिरते आणि एकदा आत गेली की फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे सापळ्यात पतंग वाढू लागण्याचा काळ हाच निर्णयाचा काळ ठरतो. त्या दोन-चार दिवसांत नोंदींचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर नंतर केलेला अचूक हिशेब उपयोगाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात सापळ्यांच्या नोंदींचा तक्ता अनेक चलांनुसार कसा गाळावा, त्याचे गट कसे पाडावेत आणि सारांश कसा काढावा, याची पायरीपायरीने मांडणी केली आहे. उदाहरणे 'आर' या संख्याशास्त्रीय संगणक भाषेच्या अनुषंगाने दिली आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केलेली ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यातील 'डीप्लायर' हा आज्ञासंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तक्त्यांवरील कामासाठी आज तो सर्वत्र वापरला जातो. ज्यांच्याकडे केवळ एक्सेल आहे त्यांनाही 'पिव्होट टेबल'मध्ये येथील बहुतेक पायऱ्या करता येतात. विचार तोच राहतो.

निर्णयाचा निकष

गुलाबी बोंडअळीच्या निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले जातात. सलग तीन रात्री प्रति सापळा सरासरी ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी ओलांडली असे मानले जाते. याशिवाय १० टक्के फुले प्रादुर्भावग्रस्त (डोमकळ्या) किंवा १० टक्के हिरवी बोंडे किडलेली आढळणे, हेही स्वतंत्र निकष आहेत.

पहिल्या निकषाची शब्दरचना बारकाईने पाहावी. त्यात 'प्रति सापळा', 'प्रति रात्र' आणि 'सलग तीन' अशा तीन अटी आहेत. म्हणजेच केवळ पतंगांची बेरीज पुरेशी नाही. कोणता सापळा, कोणती रात्र आणि कोणत्या प्रकारचे शेत, हे प्रत्येक आकड्यासोबत टिकून राहिले पाहिजे.

एक निरीक्षण, एक ओळ

क्षेत्रीय वहीत सापळ्यांची नावे उभी आणि तारखा आडव्या, अशी मांडणी सोयीची वाटते. संगणकासाठी मात्र ती अडचणीची ठरते. कारण तारीख हे एक चल असूनही ते अनेक स्तंभांच्या शीर्षकांत विखुरले जाते. विश्लेषणासाठी प्रत्येक चलाला एक स्तंभ आणि प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ, अशी लांब मांडणी करावी. पुढील सारणी या पद्धतीने तयार केली आहे. तिच्यातील आकडे केवळ अध्ययनासाठी कल्पिलेले आहेत. एका गावातील चार सापळे आणि ऑगस्टमधील तीन रात्री घेतल्या आहेत. सापळे १ व २ कोरडवाहू, मान्सूनच्या पावसावर लावलेल्या कपाशीत आहेत. सापळे ३ व ४ मान्सूनपूर्व बागायती कपाशीत आहेत.

सारणी १ : सापळ्यांच्या नोंदी

| सापळा | लागवड | दिनांक | पतंग |
|---|---|---|---|
| १ | कोरडवाहू | १० ऑगस्ट | ३ |
| १ | कोरडवाहू | ११ ऑगस्ट | २ |
| १ | कोरडवाहू | १२ ऑगस्ट | ४ |
| २ | कोरडवाहू | १० ऑगस्ट | ४ |
| २ | कोरडवाहू | ११ ऑगस्ट | ३ |
| २ | कोरडवाहू | १२ ऑगस्ट | ८ |
| ३ | मान्सूनपूर्व | १० ऑगस्ट | ९ |
| ३ | मान्सूनपूर्व | ११ ऑगस्ट | ११ |
| ३ | मान्सूनपूर्व | १२ ऑगस्ट | १० |
| ४ | मान्सूनपूर्व | १० ऑगस्ट | १० |
| ४ | मान्सूनपूर्व | ११ ऑगस्ट | (रिकामे) |
| ४ | मान्सूनपूर्व | १२ ऑगस्ट | १२ |

११ ऑगस्टला सापळा ४ ची पाहणी झाली नाही. म्हणून तेथे आकडा नाही. ती ओळ मात्र तक्त्यात ठेवली आहे. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

नोंदी भरतानाच दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत. देवनागरी अंक 'आर' भाषेला अक्षरे वाटतात आणि त्यांची बेरीज होत नाही. दुसरी, गावाचे नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहावे. 'वडगाव' आणि 'वडगांव' वाचणाऱ्याला एकच गाव वाटते, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न गावे आहेत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागादेखील नवे गाव निर्माण करते. त्यामुळे नावासोबत गावाचा ठरावीक क्रमांक नोंदविणे सर्वांत सुरक्षित.

गाळणी : 'आणि', 'किंवा' व कंस

'फिल्टर' ही आज्ञा दिलेली अट पूर्ण करणाऱ्या ओळी ठेवते आणि उर्वरित बाजूला सारते. एकाहून अधिक अटी स्वल्पविरामाने दिल्यास त्या सर्व पूर्ण होणाऱ्या ओळीच उरतात. म्हणजे स्वल्पविरामाचा अर्थ 'आणि' असा होतो. 'पीक कापूस, लागवड मान्सूनपूर्व, दिनांक १० ऑगस्ट किंवा त्यानंतर' अशी गाळणी सरळ व निर्धोक आहे.

अडचण 'आणि' व 'किंवा' एकत्र आल्यावर उद्भवते. समजा, अ आणि ब या दोन गावांतील ८ किंवा अधिक पतंगांच्या नोंदी हव्या आहेत. 'गाव अ किंवा गाव ब आणि पतंग ८ किंवा अधिक' अशी अट लिहिली, तर 'आर' आधी 'आणि'ने जोडलेला भाग सोडविते. परिणामी ब गावातील मोठे आकडे आणि अ गावातील झाडून सर्व आकडे, असा संमिश्र तक्ता हाती येतो. कोणतीही त्रुटी दाखविली जात नाही. दोन्ही गावांचा भाग कंसात घालणे हा यावरचा साधा उपाय आहे.

दुसरी चूक याहून छुपी आहे. अनेक गावे किंवा जिल्हे निवडताना बरोबरीच्या चिन्हापुढे नावांची यादी दिली, तर 'आर' पहिल्या ओळीची तुलना पहिल्या नावाशी, दुसऱ्या ओळीची दुसऱ्या नावाशी, तिसऱ्या ओळीची पुन्हा पहिल्या नावाशी अशी आळीपाळीने करते. अनेकदा निम्म्याच्या आसपास पात्र ओळी गळून पडतात आणि उरलेला तक्ता वरवर ठीक दिसतो. यादीतून निवड करावयाची असेल, तर 'या यादीत आहे का' असे विचारणारे 'इन' हे चिन्ह वापरावे.

प्रत्येक गाळणीनंतर उरलेल्या ओळी मोजण्याची सवय लावून घ्यावी. गाळणीपूर्वी किती ओळी होत्या, नंतर किती उरल्या आणि तेवढ्याच उरायला हव्या होत्या का, या तीन प्रश्नांत बहुतेक चुका उघड होतात.

गट आणि सारांश

सारणी १ मधील सर्व नोंदींची सरासरी काढून पाहावी. ११ आकड्यांची बेरीज ७६ होते आणि सरासरी ६.९ येते. निकष ८ चा आहे. तेव्हा 'गावात प्रादुर्भाव पातळीखाली' असे वाक्य लिहून काम संपविता येईल. हे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

'ग्रुप बाय' या आज्ञेने तक्त्याचे एका किंवा अनेक चलांनुसार गट पडतात आणि 'समराइज' प्रत्येक गटाचा स्वतंत्र सारांश देते. केवळ लागवडीनुसार गट पाडले, तर कोरडवाहू कपाशीत सरासरी ४.० आणि मान्सूनपूर्व कपाशीत १०.४ येते. गावाची ६.९ ही सरासरी या दोहोंपैकी एकाही शेताचे वर्णन करीत नाही.

हा फरक का पडतो, याचे उत्तर किडीच्या जीवनक्रमात आहे. मान्सूनपूर्व कपाशीला पाते व फुले आधी लागतात. हंगामाच्या आरंभी निघालेल्या पतंगांना अंडी घालण्यासाठी योग्य अवस्थेतील पीक तेथे उपलब्ध होते. कोरडवाहू कपाशी त्या वेळी त्या अवस्थेपर्यंत पोहोचलेली नसते. म्हणून लागवडीचा काळ हे केवळ प्रशासकीय वर्गीकरण नसून प्रादुर्भाव ठरविणारे चल आहे. गट कोणत्या चलांनुसार पाडावेत, हे संगणक सांगत नाही. ते पिकाच्या व किडीच्या ज्ञानावरून ठरवावे लागते.

निकषात 'प्रति रात्र' ही अट असल्याने आता लागवड आणि दिनांक या दोन चलांनुसार गट पाडावेत.

सारणी २ : लागवड व दिनांकानुसार सारांश

| लागवड | दिनांक | आकडा असलेल्या नोंदी | रिकाम्या नोंदी | सरासरी पतंग |
|---|---|---|---|---|
| कोरडवाहू | १० ऑगस्ट | २ | ० | ३.५ |
| कोरडवाहू | ११ ऑगस्ट | २ | ० | २.५ |
| कोरडवाहू | १२ ऑगस्ट | २ | ० | ६.० |
| मान्सूनपूर्व | १० ऑगस्ट | २ | ० | ९.५ |
| मान्सूनपूर्व | ११ ऑगस्ट | १ | १ | ११.० |
| मान्सूनपूर्व | १२ ऑगस्ट | २ | ० | ११.० |

मान्सूनपूर्व कपाशीत सलग तिन्ही रात्री सरासरी ८ च्या वर आहे. निकष पूर्ण झाला आहे. कोरडवाहू कपाशीत एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग सापडले असले, तरी गटाची सरासरी एकाही रात्री निकषापर्यंत पोहोचत नाही. एकाच गावासाठी आता दोन वेगळे सल्ले द्यावे लागतील : एका भागात तातडीने पुढील पाहणी व उपाययोजना, दुसऱ्या भागात निरीक्षण चालू ठेवून फवारणी न करणे. पहिला सल्ला बोंडे वाचवितो. दुसरा अनावश्यक फवारणीचा खर्च आणि मित्रकीटकांचा नाश टाळतो.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

सापळा पाहिला आणि त्यात पतंग नव्हता, तर नोंद शून्य. सापळा पाहिलाच नाही, वाऱ्याने पडला, जनावराने मोडला किंवा पावसामुळे शेतात जाता आले नाही, तर नोंद रिकामी. क्षेत्रीय कामात या दोहोंची सर्रास गल्लत होते. तक्ता पूर्ण दिसावा म्हणून रिकाम्या जागी शून्य भरले जाते आणि त्या क्षणी अज्ञानाचे रूपांतर निरीक्षणात होते.

सारणी १ मधील त्या एका रिकाम्या जागी शून्य भरल्यास काय घडते ते पाहावे. ११ ऑगस्टची मान्सूनपूर्व कपाशीतील सरासरी ११ आणि शून्य यांची, म्हणजे ५.५ होते. तिन्ही रात्रींचे आकडे ९.५, ५.५ आणि ११.० असे दिसतात. मधली रात्र निकषाखाली गेल्याने 'सलग तीन रात्री' ही अट मोडते आणि सूचना निघत नाही. अळी बोंडात शिरण्याच्या सुमारास शेतकऱ्याला मात्र 'पातळीखाली' असा निर्वाळा मिळतो. एका न पाहिलेल्या सापळ्याने, किंवा खरे तर त्या जागी भरलेल्या एका शून्याने, हा बदल घडविला.

'आर' भाषेत रिकाम्या नोंदीसाठी स्वतंत्र खूण असते. ती असलेल्या स्तंभाची सरासरी मागितल्यास उत्तरही रिकामेच येते. नवशिक्यास हा अडथळा वाटतो. प्रत्यक्षात भाषा विचारीत असते की, या माहीत नसलेल्या आकड्याचे काय करावे? रिकाम्या नोंदी वगळून सरासरी काढण्याची सूचना जाणीवपूर्वक द्यावी लागते. ती देताना आणखी एक स्तंभ घ्यावा : सरासरी प्रत्यक्ष किती आकड्यांवर आधारलेली आहे. येथे एक सूक्ष्म भेद आहे. ओळी मोजणारी 'एन' ही आज्ञा रिकाम्या नोंदींच्या ओळीही मोजते. आकडा असलेल्या नोंदी हव्या असतील, तर रिकाम्या नसलेल्या नोंदींची स्वतंत्र गणना करावी. सारणी २ मध्ये ११ ऑगस्टची ११.० ही सरासरी एकाच सापळ्यावर उभी आहे, हे त्या स्तंभामुळेच कळते. निर्णय बदलत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सापळा ४ ची पाहणी प्राधान्याने करावी, हे त्यातून स्पष्ट होते.

गाळणीतही रिकाम्या नोंदींकडे लक्ष ठेवावे. 'पतंग ८ पेक्षा कमी' अशी गाळणी केली, तर 'डीप्लायर'ची 'फिल्टर' आज्ञा रिकाम्या ओळी गुपचूप वगळते. 'पतंग ८ किंवा अधिक' अशी केली तरी वगळते. दोन्ही गाळण्यांतील ओळींची बेरीज मूळ तक्त्याएवढी भरत नाही, तेव्हा कारण बहुधा हेच असते. एक्सेलची सरासरीची सूत्रे रिकाम्या चौकटी वगळतात, पण शून्य मोजतात. म्हणून एक्सेल वापरणाऱ्यांनीही चौकट रिकामीच ठेवावी.

आधी गाळणी की आधी सारांश?

काही वेळा लहान आकडे 'निरुपयोगी' समजून प्रथम ८ किंवा अधिक पतंगांच्या नोंदी गाळून घेतल्या जातात आणि नंतर सरासरी काढली जाते. सारणी १ मध्ये अशा ६ नोंदी आहेत; त्यांची बेरीज ६० आणि सरासरी १०.० येते. यावरून संपूर्ण गावात पातळी ओलांडली असे जाहीर केल्यास कोरडवाहू शेतांतही फवारणी सुरू होईल. ही सरासरी ८ च्या खाली येणे मुळातच अशक्य होते, कारण ८ च्या खालचे आकडे आधीच काढून टाकले होते.

नियम सोपा आहे. गाव, लागवड, दिनांक, वाण अशा वर्णनात्मक चलांची गाळणी सारांशापूर्वी करावी. ज्या चलाचा सारांश काढावयाचा आहे, त्याची गाळणी सारांशानंतर करावी. आधी प्रत्येक गटाची सरासरी काढावी आणि नंतर ज्या गटांची सरासरी ८ किंवा अधिक आहे तेवढेच निवडावेत. दोन्ही ठिकाणी आज्ञा 'फिल्टर'च असते. तिची जागा बदलली की प्रश्नच बदलतो.

सरासरीची सरासरी आणि टक्केवारीची सरासरी

गावांच्या सरासरींवरून तालुक्याची सरासरी काढतानाही असाच घोळ होतो. सारणी १ मधील दोन लागवड गटांच्या ४.० आणि १०.४ या सरासरींची सरासरी ७.२ येते, सर्व नोंदींची सरासरी मात्र ६.९ आहे. एका गटात ६ आणि दुसऱ्यात ५ आकडे असल्याने हा फरक पडला. नोंदींची संख्या जितकी विषम, तितका फरक मोठा. वरच्या पातळीवर सरासरी कळविताना बेरीज आणि नोंदींची संख्या सोबत द्यावी. त्यावरून कोणत्याही पातळीची योग्य सरासरी पुन्हा काढता येते.

बोंडांच्या पाहणीत हा मुद्दा अधिक ठळक होतो. समजा, एका शेतात २० हिरवी बोंडे फोडून पाहिली आणि ४ किडलेली निघाली. प्रादुर्भाव २० टक्के. दुसऱ्या शेतात ८० बोंडांपैकी ४ किडलेली निघाली; प्रादुर्भाव ५ टक्के. दोन टक्केवारींची सरासरी १२.५ येते, म्हणजे १० टक्क्यांच्या वर. एकूण बोंडांवरून काढल्यास १०० पैकी ८, म्हणजे ८ टक्के, पातळीच्या खाली. एकाच माहितीतून दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले. यांपैकी कोणता खरा, असा प्रश्न विचारण्यापेक्षा दोन शेते एकत्र का केली, हे विचारणे योग्य. फवारणीचा निर्णय शेतात होतो; म्हणून गटही शेताचाच असला पाहिजे. पहिल्या शेतास उपाययोजनेची गरज आहे, दुसऱ्यास नाही.

सारांशात न दिसणारी गावे

गटवार सारांशात तक्त्यात असलेलेच गट येतात. एखाद्या गावातून आठवडाभर एकही ओळ आली नाही, तर ते गाव सारांशात शून्य किंवा रिकामे म्हणून दिसत नाही. ते दिसतच नाही. तालुक्याचा सारांश वाचणाऱ्याला सर्वत्र शांतता असल्याचा भास होतो. म्हणून निरीक्षणाखालील सर्व गावांची एक कायम यादी ठेवावी आणि नोंदींचा तक्ता तिच्याशी जोडून पाहावा. 'कम्प्लीट' ही आज्ञा गाव, सापळा आणि दिनांक यांच्या न आलेल्या जोड्यांसाठी रिकाम्या ओळी तयार करते. त्यानंतर कोठून माहिती आलेली नाही, याचीही यादी आपोआप मिळते. विस्तार कार्यकर्त्यासाठी ही यादी पातळी ओलांडलेल्या गावांच्या यादीइतकीच मोलाची आहे.

'सलग तीन रात्री' तपासतानाही या ओळी आवश्यक असतात. 'लॅग' ही आज्ञा मागील ओळीतील आकडा देते. मागील रात्रीचा नव्हे. ११ ऑगस्टची ओळच नसेल, तर १२ ऑगस्टच्या मागे १० ऑगस्ट येईल आणि सलग नसलेल्या रात्री सलग मानल्या जातील. तेव्हा न आलेल्या ओळी भरून, दिनांकानुसार क्रम लावून आणि लागवडीनुसार गट पाडूनच 'लॅग' वापरावे. गट न पाडल्यास एका गटाची पहिली रात्र दुसऱ्या गटाच्या शेवटच्या रात्रीला जोडली जाते.

नोंदवहीत नसलेले चल

काही चले तक्त्यात नसली, तरी आकड्यांवर परिणाम करतात. सापळ्यातील ल्यूर जुना झाला की त्यातून बाहेर पडणारा गंध क्षीण होतो आणि पतंग कमी सापडतात. शेतात पतंग तेवढेच असूनही आकडे उतरतात. ल्यूर बदलल्याचा दिनांक हा स्तंभ तक्त्यात असल्यास, उत्पादकाने सांगितलेली मुदत उलटलेल्या सापळ्यांच्या नोंदी वेगळ्या काढून पाहता येतात. त्या पुसून टाकू नयेत. त्यांच्यावर खूण करावी आणि त्यांच्यासह व त्यांच्याविना अशी दोन्ही उत्तरे पाहावीत.

तसेच या सापळ्यांत मादीच्या कामगंधाकडे आकृष्ट होणारे नर पतंगच अडकतात. सापळ्याचा आकडा हा इशारा आहे. अंडी किती घातली गेली याचे ते मोजमाप नाही. पातळी ओलांडल्याचे दिसताच त्या शेतातील डोमकळ्या पाहाव्यात. बोंडे धरली असल्यास एकरी २० हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावीत.

आज्ञांचा क्रम

वरील विवेचनावरून साप्ताहिक विश्लेषणाचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो.

१. मूळ तक्ता वाचावा व त्याची प्रत तशीच जपावी. दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये हाताने न करता आज्ञांमध्ये लिहाव्यात.
२. गावांची नावे, अंक आणि तारखा यांची एकरूपता तपासावी.
३. 'कम्प्लीट' वापरून न आलेल्या नोंदींच्या रिकाम्या ओळी तयार कराव्यात.
४. 'फिल्टर' वापरून हवे ते पीक, कालावधी आणि गावे निवडावीत, ओळी मोजाव्यात.
५. 'ग्रुप बाय' वापरून गाव, लागवड आणि दिनांक यांनुसार गट पाडावेत.
६. 'समराइज' वापरून प्रत्येक गटाची सरासरी, आकडा असलेल्या नोंदी, रिकाम्या नोंदी आणि सर्वाधिक आकडा काढावा.
७. दिनांकाचा क्रम लावून गाव व लागवडीनुसार 'लॅग'च्या साहाय्याने सलग तीन रात्री तपासाव्यात.
८. शेवटी पातळी ओलांडलेले गट 'फिल्टर'ने निवडावेत आणि 'अनग्रुप' करून तक्ता पूर्ववत करावा. अन्यथा उरलेले गट पुढील हिशेबात नकळत डोकावतात.

हा आज्ञाक्रम एकदा लिहून ठेवला की पुढील आठवड्यात केवळ नवा तक्ता द्यावा लागतो. शिवाय निष्कर्षावर शंका आली, तर कोणत्या पायरीवर काय झाले हे दुसऱ्या व्यक्तीलाही तपासता येते. हाताने गाळलेल्या एक्सेल फाइलमध्ये ही सोय नसते.

सल्ल्याचे वाक्य

विश्लेषणाचा शेवट तक्त्याने नव्हे, सल्ल्याने होतो. 'गावात गुलाबी बोंडअळीचे सरासरी ६.९ पतंग, प्रादुर्भाव पातळीखाली' हे वाक्य आणि 'मान्सूनपूर्व बागायती कपाशीत १० ते १२ ऑगस्ट या सलग तीन रात्री पातळी ओलांडली आहे, या शेतांत डोमकळ्या व बोंडे तपासून उपाययोजना करावी. कोरडवाहू कपाशीत तूर्त फवारणीची आवश्यकता नाही. एका सापळ्याची एका रात्रीची नोंद उपलब्ध नाही' हे निवेदन, ही दोन्ही एकाच तक्त्यातून निघाली आहेत. दुसरे लांब आहे, पण त्यात शेतकऱ्याला स्वतःचे शेत ओळखता येते आणि काय करावे हे कळते.

सल्ला प्रसृत करण्यापूर्वी प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणत्या शेतांचा आहे, किती नोंदींवर आधारला आहे, किती नोंदी आल्याच नाहीत आणि कोणत्या नोंदी आपण गाळल्या. या चारांची उत्तरे सल्ल्यासोबत लिहिता आली, तरच तो शेतकऱ्याच्या हाती द्यावा. उत्तर मिळत नसेल, तर तक्त्याकडे परत जावे. आणि तेथेही न मिळाल्यास सापळ्याकडे.